इंग्रजीत गुण आहेत, पण स्वतःची चार वाक्यं लिहिता येत नाहीत

प्रश्न : माझी मुलगी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात नववीला आहे. इंग्रजीत तिला 80 पैकी साठाच्या पुढे गुण पडतात. व्हॉइस बदला, रिपोर्टेड स्पीच करा, गाळलेल्या जागी आर्टिकल भरा, हे सगळं ती बिनचूक करते. पण सुट्टीत मामाला इंग्रजीत पत्र लिही म्हटलं, तर दोन तासांत चार ओळी झाल्या आणि त्यातली एक होती ‘टु मी व्हेरी हॅपी फेल्ट’. मोठ्याने वाचायला सांगितलं की आवाज बारीक होतो. शहरातली मामेभावंडं तिच्या ‘व्हेजिटेबल’ला हसली, तेव्हापासून ती इंग्रजीसाठी तोंडच उघडत नाही. गावातला एक क्लास तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजीची हमी देतो, फी 12 हजार. मला स्वतःला इंग्रजी जेमतेम वाचता येतं. क्लास लावू का? व्याकरणाचं कोणतं पुस्तक घेऊ? की माध्यमच आधी बदलायला हवं होतं?
– एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर :

ताई, माध्यमाचा विषय आधी मिटवून टाकू. नववीत माध्यम बदलू नका, आणि पूर्वी बदललं नाही याची खंतही करू नका. मुलीला विज्ञान, भूगोल, इतिहास नीट समजतात ते मराठीमुळे. तो पाया हलवून हाती काही लागणार नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात, म्हणजे तुमच्या लेकीची या भाषेशी नवव्या वर्षाची ओळख आहे. शब्द तिच्याकडे भरपूर आहेत, नियमही आहेत. तिच्याकडे नाही ती एकच गोष्ट : स्वतःच्या मनातलं वाक्य इंग्रजीत उभं करण्याचा सराव.

व्हॉइस बदलताना वाक्य दुसऱ्याने तयार करून दिलेलं असतं, आपण फक्त त्याचे भाग हलवतो. पत्र लिहिताना समोर कोरा कागद असतो आणि डोक्यात मराठी वाक्य असतं. ते वाक्य इंग्रजीत नेण्याचं काम व्याकरणाच्या तासाला क्वचितच होतं, म्हणून गुण साठ आणि ओळी चार. तिची ‘टु मी व्हेरी हॅपी फेल्ट’ ही ओळ मला फार मोलाची वाटते. ‘मला खूप आनंद वाटला’ हे मराठी वाक्य तिने शब्दाला शब्द लावून इमानदारीने उतरवलं आहे. तिची चूक नेमकी कुठून येते ते त्या ओळीत स्वच्छ दिसतं. कारण दिसलं की उपाय सापडतो.

तर ‘मला’पासूनच सुरुवात करा. मराठीत आपण भूक, ताप, आनंद, राग, आठवण, इच्छा, जमणं, येणं, असणं हे सगळं ‘मला’ने सांगतो. इंग्रजीत त्या जागी बहुतेक वेळा ‘आय’ येतो आणि पुढचं क्रियापद बदलतं. तिला एका पानावर हे लिहून काढू द्या. ‘मला भूक लागली आहे’ : आय ॲम हंग्री. ‘मला ताप आहे’ : आय हॅव अ फीव्हर. ‘मला दोन भाऊ आहेत’ : आय हॅव टू ब्रदर्स. ‘मला पोहता येतं’ : आय कॅन स्विम. ‘मला घरी जायचं आहे’ : आय वॉन्ट टु गो होम, आणि जाणं भागच असेल तर आय हॅव टु गो होम. ‘मला काल यायला जमलं नाही’ : आय कुड नॉट कम येस्टरडे. ‘मला बक्षीस मिळालं’ : आय गॉट अ प्राइझ. ‘मला आठवतं’ : आय रिमेंबर. ‘मला खूप आनंद झाला’ : आय वॉज व्हेरी हॅपी.

मग ‘मला’ला ‘मी’ हा इंग्रजी शब्द कधी लावायचा? दुसरं कोणी माझ्यासाठी किंवा माझ्यावर काही करत असेल तेव्हा. ‘मला वही दे’ म्हणजे गिव्ह मी अ नोटबुक, ‘त्याने मला पाहिलं’ म्हणजे ही सॉ मी. देणारा किंवा पाहणारा दुसरा आहे का, एवढंच विचारायचं. दुसरा कोणी नसेल तर ‘आय’. ही एक कसोटी आठवडाभर घोटली तरी तिच्या लिखाणातल्या बऱ्याच वाक्यांचं तोंड सरळ होईल. ‘त्याला’, ‘तिला’, ‘आईला’ यांनाही तीच लागू : ‘आईला बरं नाही’ म्हणजे माय मदर इज नॉट वेल.

दुसरी जागा भूतकाळाची. ‘मी गेले’, ‘मी गेले नाही’. मराठीत नकार आला तरी ‘गेले’ जसंच्या तसं राहतं. म्हणून मुलं ‘आय डिड नॉट वेन्ट’ लिहितात. इंग्रजीत ‘डिड’ आला की भूतकाळ त्या शब्दाने उचलला, मुख्य क्रियापद मोकळं झालं, ते मूळ रूपात येणार : आय डिड नॉट गो. प्रश्नातही तेच : डिड यू गो? याच्याच शेजारची चूक म्हणजे ‘हा सिनेमा मी गेल्या वर्षी पाहिलाय’ हे ‘आय हॅव सीन दिस फिल्म लास्ट इयर’ असं लिहिणं. काल, परवा, गेल्या वर्षी, 2019 मध्ये, असा संपलेला वेळ वाक्यात सांगितला की ‘हॅव’ चालत नाही. आय सॉ दिस फिल्म लास्ट इयर. वेळ न सांगता नुसतं ‘पाहिलाय’ म्हणायचं असेल तर आय हॅव सीन दिस फिल्म बरोबर आहे.

तिसरी जागा आदराची, आणि तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. आपण आजोबांना, बाबांना, बाईंना अनेकवचनात बोलतो : आजोबा येतात, बाई शिकवतात. तो मान इंग्रजीत क्रियापदाला लावायची सोय नाही. माणूस एक असेल तर ‘ही’ किंवा ‘शी’, आणि वर्तमानकाळात क्रियापदाला एस : माय ग्रँडफादर कम्स, अवर टीचर टीचेस अस. मुलांना हे नियम म्हणून पाठ असतं, पण ‘येतात’ मनात वाजत असल्याने लिहिताना तो एस गळतो. तिला सांगा, आदर कमी होत नाही, इंग्रजीत तो अशा ठिकाणी दाखवतच नाहीत. आणि खुर्ची ‘ती’, डबा ‘तो’ असला तरी इंग्रजीत दोन्ही ‘इट’.

‘ने’ हा प्रत्ययही तपासून घ्या. बसने म्हणजे बाय बस, पेनने म्हणजे विथ अ पेन, भीतीने थरथरली म्हणजे ट्रेम्बल्ड विथ फिअर. पण ‘ताईने आंबा खाल्ला’ मधल्या ‘ने’ला इंग्रजीत काहीच लागत नाही : माय सिस्टर एट अ मँगो. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, अशी क्रियापदाची होणारी फिरवाफिरवीही तिथे नाही, हा एक दिलासाच. वाक्यं जोडणाऱ्या शब्दांत ‘जरी... तरी’ या जोडीवर नजर ठेवा. मराठीला दोन्ही लागतात, इंग्रजीला एकच पुरतो. ‘दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट’ मधला ‘बट’ काढायचा. आणि ‘तू कुठे चालली आहेस?’ लिहिताना ‘व्हेअर यू आर गोइंग?’ होतं, कारण मराठीत प्रश्नासाठी शब्दांची जागा बदलावी लागत नाही. व्हेअर आर यू गोइंग?

आर्टिकल ती गाळलेल्या जागेत बरोबर भरते, कारण जागा आधीच आखून दिलेली असते. स्वतः लिहिताना ती जागाच दिसत नाही. यावर एक तपासणी पुरते : मोजता येणारी एकच वस्तू असेल तर तिच्या नावाआधी काहीतरी हवंच. अ, ॲन, द, माय, दिस, काहीही. ‘आय बॉट बुक’ हे उघडं राहिलं, ‘आय बॉट अ बुक’ झालं. अ की ॲन हे स्पेलिंगवर नाही, कानावर ठरतं : ॲन अवर, अ युनिव्हर्सिटी, ॲन एमएलए.

आता रोजचं काम. संध्याकाळी वीस मिनिटं आणि एक दोनशे पानी वही. डाव्या पानावर त्या दिवसातल्या आठ गोष्टी मराठीत, छोट्या वाक्यांत. ‘आज सरांनी भूमितीची चाचणी घेतली.’ ‘मला शेवटचं गणित आलं नाही.’ उजव्या पानावर तेच इंग्रजीत. लिहिण्याआधी प्रत्येक वाक्याला पाच प्रश्न याच क्रमाने : कोण? काय केलं? कशाला किंवा काय? कुठे? कधी? मराठीत क्रियापद शेवटी बसतं, इंग्रजीत ते माणसाच्या लगेच मागे येतं. ‘काल संध्याकाळी आम्ही मावशीकडे पुरणपोळी खाल्ली’ हे या क्रमात घातलं की ‘वी एट पुरणपोळी ॲट माय आन्ट्स हाउस येस्टरडे ईव्हनिंग’ असं आपोआप रचलं जातं. पुरणपोळीला इंग्रजी शब्द शोधत बसू नये. सण, नाती, पदार्थ यांची नावं तशीच लिहिलेली चालतात.

पहिले तीन आठवडे वाक्यं छोटीच ठेवा. मोठी वाक्यं लिहिण्याचा मोह इथे फार नुकसान करतो, कारण दोन अर्धवट वाक्यं एकत्र झाली की चूक शोधता येत नाही. नंतर दोन-दोन वाक्यं जोडायची : आधी अँड, बट, सो, बिकॉज यांनी, त्यात हात बसला की व्हेन आणि हू यांनी. दोन महिन्यांत आठ सुट्या वाक्यांचा एक सलग परिच्छेद व्हायला लागतो, साधारण ऐंशी ते शंभर शब्दांचा. दहावीच्या लेखन विभागातल्या पत्राला, बातमीला किंवा तक्त्यावरून लिहायच्या परिच्छेदाला लागतो तोही जवळपास एवढाच.

‘माय फेव्हरेट फेस्टिव्हल’ छापाचे तयार निबंध पाठ करून घेऊ नका. पाठ केलेल्या पहिल्या दोन ओळी चकाचक आणि तिसरी स्वतःची आली की घसरण, हे तपासणाऱ्याला लगेच कळतं. तक्ता किंवा मुद्दे देऊन विचारलेल्या प्रश्नाला तर पाठांतर उपयोगीच पडत नाही. मोबाइलमधलं भाषांतर वापरायला माझी हरकत नाही, फक्त क्रम उलटा नको. आधी तिने लिहायचं, मग मोबाइलचं वाक्य पाहून फरक शोधायचा. आधीच मोबाइल उघडला, तर वाक्य रचण्याचा व्यायाम मोबाइलने केला आणि ती फक्त नक्कल उतरवत बसली असं होतं.

तुम्हाला इंग्रजी जेमतेम येतं म्हणता, पण वही तपासण्यात तुमचा मोठा वाटा असू शकतो. तिला प्रत्येक इंग्रजी वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारायला सांगा. रेघ नसलेलं वाक्य तुम्हालाही दिसेल : ‘माय फादर इन बँक’ला रेघ मारायला जागाच नाही, तिथे ‘इज’ किंवा ‘वर्क्स’ हवं. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे का, ‘आय’ कॅपिटल आहे का, शेवटी पूर्णविराम आहे का, हे बघा. मग डावं पान झाकून तिला उजव्या पानावरचं इंग्रजी मराठीत सांगायला लावा आणि झाकलेल्या मराठीशी ताडून पाहा. अर्थ सुटला असेल तर तुम्हाला लगेच ऐकू येईल. उरलेल्या चुकांसाठी आठवड्यातून एकदा वही शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवावी, आणि त्यांना विनंती करावी की या आठवड्यात फक्त दोनच प्रकारच्या चुकांवर खूण करा, उदाहरणार्थ ‘मला’ची वाक्यं आणि गळलेला एस. सगळं पान लाल झालं की मूल दुसऱ्या दिवशी कमी लिहितं. लिहिणं कमी झालं की सुधारणाही थांबते.

उच्चारांकडे वळू. ‘व्हेजिटेबल’ला हसणाऱ्या भावंडांना कळवा की ही चूक वाचणाऱ्या मुलांची असते. स्पेलिंगच्या शेवटी ‘टेबल’ दिसतं म्हणून ती तसं वाचते. खरा उच्चार तीन तुकड्यांचा, जोर पहिल्यावर : व्हेज्-ट-बल. ‘कम्फर्टेबल’चंही तसंच, कम्फ्-ट-बल. ‘वेन्झ्डे’मधला पहिला डी, ‘लिसन’मधला टी, ‘आयलंड’मधला एस, ‘रिसीट’मधला पी, ‘क्लाइम’मधला बी हे लिहायचे असतात, बोलायचे नसतात. अशा शब्दांची यादी वहीच्या मागच्या पानावर वाढवत न्यावी.

सगळे उच्चार एकदम सुधारायला जाऊ नका. अर्थ बदलतो तिथेच आधी काम करा. मराठी लेखनात आपण ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ वेगळे लिहितो, म्हणजे कागदावर फरक आपल्याला ठाऊक आहे. तोंडात मात्र तो ‘ह’ मिसळून येतो, ‘जिव्हाळा’तल्या ‘व्ह’सारखा. इंग्रजी ‘व्हॅन’साठी वरचे दात खालच्या ओठावर हलकेच टेकवून आवाज घासत सोडायचा. ‘वॉच’साठी दात लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो. आरशासमोर पाच मिनिटं केलं की जमतं. ‘झिरो’, ‘साइझ’ यातला आवाज आपल्या ‘झाड’मधला नाही. ‘स्स्स’ असा लांब धरा, बोट गळ्यावर ठेवा, आणि जीभ न हलवता आवाज चालू करा. गळा थरथरला की तोच आवाज. ‘प्राइस’ आणि ‘प्राइझ’ यांत किंमत आणि बक्षीस एवढा फरक आहे. ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फुल’ आणि ‘फूल’ यांतलं ऱ्हस्व-दीर्घ कानाला ऐकू जाईल इतकं ताणायला हवं, कारण मराठी बोलताना आपण ते फारसं पाळत नाही. ‘बॅट’मधल्या ॲला मात्र आपल्याकडे स्वतंत्र खूणच आहे. ‘ब्याग’ म्हणायची सवय असेल तर खालचा जबडा थोडा जास्त उघडायचा, बस.

भूतकाळातल्या ईडीचा उच्चार सगळीकडे ‘एड’ करणं ही वर्गात सर्रास ऐकू येणारी चूक. मूळ क्रियापद टी किंवा डीच्या आवाजावर संपत असेल तरच जादा तुकडा येतो : वॉन्टिड, नीडिड. बाकी ठिकाणी नुसतं ट किंवा ड चिकटतं. गळा न थरथरणारा आवाज शेवटी असेल तर ट : वॉक्ट, लाफ्ट, वॉश्ट. थरथरणारा असेल तर ड : प्लेड, कॉल्ड, ओपन्ड. अनेकवचनाचा एसही असाच वागतो : कॅट्स मध्ये स, डॉग्झ मध्ये झ, बसिझ मध्ये जादा तुकडा.

समजण्याच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट आहे जोर. मराठीत आपण अक्षरं साधारण सारख्याच वजनाने बोलतो. इंग्रजीत एका तुकड्यावर जोर पडतो आणि शेजारचे स्वर मिटतात. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, फटॉग्रफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्रॅफिकमध्ये तिसऱ्यावर, आणि त्याबरोबर स्वर कसे बदलले ते लिहिण्यातही दिसतंय. हॉटेल, इव्हेंट, डिव्हेलप, कमिटी यांत तो दुसऱ्यावर येतो. नवा शब्द शिकताना अर्थ आणि स्पेलिंगच्या जोडीने जोराच्या तुकड्याखाली रेघ मारायची सवय लावा. मोबाइलवरच्या चांगल्या शब्दकोशात कर्ण्याच्या चित्रावर टिचकी मारली की उच्चार ऐकू येतो. देवनागरीत उच्चार लिहून ठेवणं चुकीचं नाही, पण आधी ऐकून मगच लिहावं. स्पेलिंग पाहून लिहिलं तर चुकीचा उच्चारच पक्का होतो.

टीएचसाठी आपण थ आणि द वापरतो, आपला ट-ड इंग्रजांपेक्षा कडक असतो, याकडे सध्या पूर्ण दुर्लक्ष करा. भारतभर असंच बोलतात आणि अर्थ कुठे अडत नाही. तिने कोणाची ढब उचलायची गरज नाही. कानाला सवय हवी असेल तर आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र ऐकावं. उच्चार भारतीय, स्वच्छ, वेग सांभाळता येण्यासारखा, आणि बातमी आधी मराठीत ऐकलेली असल्याने अर्थ पकडता येतो.

मोठ्याने वाचण्याची भीती घालवायला चार दिवस एकच आठ ओळींचा उतारा घ्या. पहिल्या दिवशी फक्त श्वासाच्या जागी तिरक्या रेघा मारायच्या : द ओल्ड मॅन / हू सेल्स ग्वावाज / निअर द स्टँड / इज अवर नेबर. शब्दाशब्दावर थांबणं हेच वाचन अडखळण्याचं मोठं कारण असतं. दुसऱ्या दिवशी अडलेल्या शब्दांचे उच्चार ऐकायचे. तिसऱ्या दिवशी घरात एकटीने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, ऐकून तीनच दुरुस्त्या निवडायच्या. चौथ्या दिवशी तुमच्यासमोर वाचायचं. भावंडांसमोर वाचायची घाई नको, तिला वाटेल तेव्हा.

क्लासबद्दल. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. एका तुकडीत मुलं किती? एका तासात चाळीस मुलं असतील, तर सरांनी अवाक्षर न काढताही प्रत्येकाच्या वाट्याला दीडच मिनिट येतं. मुलांचं लिखाण कोण तपासतं आणि किती दिवसांनी परत देतं? आणि एक दिवस मुलीला नुसतं बसू देतील का? वीस वाक्यं सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेणारा क्लास असेल तर 12 हजार वाचवा. दहा-बारा मुलं, प्रत्येकाला रोज बोलायला लावणारे आणि वही तपासणारे सर असतील, तर जरूर लावा. पण हमी देणाऱ्यावर ती हमी पाहून विश्वास ठेवू नका. तीन महिन्यांत भीती जाऊ शकते, फाडफाड इंग्रजी येत नाही. दहावीनंतर विज्ञानाकडे जायचा विचार असेल तर आतापासून विज्ञानाच्या वहीत मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा लिहिणं, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन अशी, हे जास्त उपयोगाचं आहे, आणि त्याला फी नाही.

व्याकरणाचं नवं पुस्तक घेऊ नका. तिला येतात तेच नियम त्यात पुन्हा असतील. त्याऐवजी ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाचवी ते सातवीची इंग्रजीची पाठ्यपुस्तकं उतरवून घ्या, ती फुकट मिळतात. नववीच्या मुलीला ती सोपी जातील, आणि तशीच हवीत : पानात तीन-चारच शब्द अडले तर वाचन पुढे सरकतं, पंधरा अडले तर पुस्तक बंद होतं. आठवड्याला दोन धडे, आणि प्रत्येक धड्यातली तिला स्वतःला वापरावीशी वाटणारी तीन वाक्यं उजव्या पानाच्या तळाशी उतरवून, त्यातले माणूस आणि जागा बदलून तिच्या घरची वाक्यं करायची.